दोष आणि भरपाई

चौकांत दोन मोटारी एकमेकींस घासल्या. एकीचा दिवा फुटला, दुसरीच्या दारास पोचा आला. कोणास इजा झाली नाहीं. अशा प्रसंगाचा विचार करीत बसणें म्हणजे तिळाचा ताड करणें होय, असें पुष्कळांस वाटेल. परंतु नीतीच्या दृष्टीनें हा क्षुद्र प्रसंग मोठ्या प्रसंगापेक्षांहि अधिक विचारणीय आहे. जेथें प्राणहानि झालेली असते तेथें पोलीस येतात, न्यायालय बसतें, आणि मनुष्याच्या सदसद्विवेकबुद्धीवर फारसें कांहीं सोंपविलें जात नाहीं. हजार-पांच हजारांचाच प्रश्न असला म्हणजे मात्र खरें बोलावें कीं न बोलावें हें ज्याचें त्यानेंच ठरवावयाचें असतें. त्यांतून विमा उतरलेला असला तर प्रश्न आणखी बिकट होतो. नुकसान जर कंपनी भरून देणार, तर आपला दोष ओळखण्याचें व तो बोलून दाखविण्याचें मनुष्यास कारण तें काय उरलें?

दोषनिर्णयाचा प्रश्न मोटारीबरोबर जन्मास आलेला नाहीं. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत गाड्यांच्या अपघातांचा स्वतंत्र विचार केलेला आहे. वेसण तुटली, जूं मोडलें, आंस किंवा चाक भंगलें, लगाम तुटला, किंवा हांकणारानें ‘बाजूस व्हा’ म्हणून मोठ्यानें ओरडून सांगितलें, अशा दहा प्रसंगीं दंड नाहीं, असें तेथें सांगितलें आहे. उलट, हांकणाराच्या अकौशल्यामुळें गाडी वाट सोडून गेली व इजा झाली तर मालकास २०० पण दंड. हांकणारा कुशल असेल तर दंड त्याचा त्यास. आणि तो अकुशल असेल तर गाडींत बसलेल्या प्रत्येकासहि १०० पण. त्या ग्रंथांतील इतर अनेक विधानें आज कोणीहि विचारी मनुष्य मान्य करणार नाहीं. पण साधनाचा दोष, हाताचा दोष आणि माणूस निवडणाराचा दोष हे तीन निरनिराळे आहेत, हा येथील विवेक मार्मिक आहे.

इंग्लंडच्या न्यायालयांस याहून वेगळी अडचण पडली. दोष दोघांचाहि असला तर काय करावें? १८०९ सालच्या एका खटल्यांत प्रतिवादीनें रस्त्यावर दांडा आडवा टाकला होता. परंतु त्यावर आपटून पडलेला फिर्यादी घोडा भरधांव फेंकीत होता, म्हणून त्यास कांहींच मिळालें नाहीं. पुढें १८४२ सालीं, पाय बांधून रस्त्यावर चरावयास सोडलेलें एक गाढव वेगानें येणाऱ्या गाडीखालीं सांपडून मेलें. गाढवास तसें सोडणें गैर असलें तरी गाडीवानास हा अपघात टाळतां आला असता, या कारणास्तव मालकास भरपाई मिळाली. दोन्ही निकालांत भरपाई एक तर पूर्ण मिळावयाची, नाहीं तर मुळींच नाहीं. दोषाच्या प्रमाणांत नुकसानाची वांटणी करावी, हें साधें तत्त्व तेथील कायद्यांत १९४५ सालीं आलें. आपलीं न्यायालयेंहि आज अशी वांटणी करतात. रस्त्यावरचें लोकमत मात्र अद्याप १८०९ च्याच पायरीवर उभें आहे. जमलेल्या गर्दीस एकच अपराधी हवा असतो, आणि तो बहुधा मोठ्या गाडींत बसलेला असावा अशी तिची इच्छा असते. एकानें इशारा न देतां गाडी वळविली आणि दुसरा वाजवीपेक्षां वेगांत होता, हें दुहेरी सत्य ऐकून घेण्यास तेथें कोणास सवड नसते.

आतां विम्याकडे वळूं. आपल्याकडे दुसऱ्याच्या हानीपुरता विमा सक्तीचा करणारा भाग १९३९ च्या मोटार कायद्यांत होता व तो १९४६ सालीं अमलांत आला; हल्लीं १९८८ चा कायदा लागू आहे. स्वतःच्या गाडीच्या नुकसानाचा विमा ऐच्छिक आहे. या ऐच्छिक विम्याची रचना अशी आहे कीं, सामान्यतः दोष कोणाचाहि असो, कंपनी दुरुस्तीचा खर्च देते, १५०० सी.सी. पर्यंतच्या मोटारीस पहिले १००० रुपये मात्र मालकानें सोसावयाचे असतात. एक वर्ष मागणी न केल्यास पुढील वर्षीं हप्त्यांत २० टक्के सूट मिळते व ती वाढत पांच वर्षांनीं ५० टक्क्यांपर्यंत जाते. पण एकदां मागणी केली कीं ही सूट बुडते, मग धक्का देणारा कोणीहि असो. दोषी मनुष्याकडून नुकसान वसूल करण्यास न्यायाधिकरणाचा मार्ग मोकळा आहे. परंतु फुटक्या दिव्यासाठीं तारखा घेत बसणारा विरळाच. म्हणजे निर्दोषी मनुष्य आपली सूट घालवून दुसऱ्याची चूक भरून काढतो, आणि चूक करणारा चूक कोणाची हें न बोलतां घरीं जातो. भांडण मिटतें, गाडी रंगून येते. न्याय तेवढा कोणी मागितलेला नसतो.

यावर कोणी असें म्हणेल कीं, मौन पाळणें हें तर विम्याच्या करारानेंच बंधनकारक केलें आहे. कंपनीच्या लेखी संमतीवांचून कबुली, देणें अथवा वचन देऊं नये, अशी अट त्या करारांत खरोखरच असते. आमच्या मतें या अटीचा आधार घेऊन पुष्कळ लोक स्वतःची फसवणूक करतात. जो पैसा कंपनीस द्यावा लागणार, तो परस्पर देऊं करण्याचा अधिकार आपणांस नाहीं, हा त्या अटीचा न्याय्य गाभा होय. घडलेली हकीकत लपविण्याची किंवा खोटी सांगण्याची परवानगी त्यांत कोठेंहि नाहीं. ‘भरपाई मी देतों’ हें वचन आहे. ‘मी वळलों तेव्हां इशारा दिला नव्हता’ ही साक्ष आहे. आणि ‘तुम्हांस लागलें तर नाहीं ना? झाल्या गोष्टीचें मला वाईट वाटतें’ ही माणुसकी आहे. कायद्यानेंहि हा भेद कांहीं ठिकाणीं ओळखला आहे. केवळ क्षमायाचना केली म्हणून निष्काळजीपणा कबूल केला असें होत नाहीं, असें इंग्लंडांत २००६ च्या कायद्यानें सांगितलें, आणि त्याच वर्षीं कॅनडांतील ब्रिटिश कोलंबिया प्रांतानेंहि क्षमायाचनेस तसेंच संरक्षण दिलें. भय नाहींसें केल्यावांचून लोक खरें बोलणार नाहींत, हें त्या कायदेकारांनीं ओळखलें होतें.

तेव्हां अशा प्रसंगीं कर्तव्य काय? कोणास लागलें आहे काय हें प्रथम पाहावें. गाड्या हलविण्यापूर्वीं त्यांचीं छायाचित्रें घ्यावीं, नांवें व विम्याचे क्रमांक एकमेकांस द्यावे. दुसऱ्याच्या केवळ मालमत्तेचें नुकसान झालें असलें तरी पोलिसांस व विमा कंपनीस माहिती देणें १९८८ च्या कायद्याच्या १३४ व्या कलमानें चालकावर बंधनकारक आहे. कंपनीस लिहावयाची हकीकत, समोरचा मनुष्य ती वाचणार आहे असें समजून लिहावी. गेल्या वर्षींचा पोचा यंदाच्या अपघाताच्या पदरांत टाकूं नये. कारण कंपनीची तिजोरी म्हणजे हजारों अनोळखी माणसांनीं भरलेल्या हप्त्यांची रास होय, आणि अनोळखी माणसाचा पैसा घेतला म्हणून ती चोरी नव्हे असें होत नाहीं.

पगारी चालकाच्या बाबतींत तर मालकानें विशेष जपावें. विमा मालकाच्या नांवावर असतो. दुरुस्तीचा खर्च त्यास मिळतो. आणि तरीहि सुटीच्या बुडालेल्या रकमेसाठीं किंवा त्या पहिल्या हजारासाठीं गरीब चालकाचा पगार कापणारे सज्जन आपल्या समाजांत आहेत. चौदा तास गाडी हांकवून घेतलेल्या मनुष्याचा डोळा लागला तर तो दोष कोणाच्या हिशेबीं धरावा? निवडणाराचा दोष वेगळा मोजणाऱ्या त्या जुन्या स्मृतिकारानें तो मालकाच्या अंगाखांद्यावरून सहज पुसून टाकला नसता.

खरें बोलणारास तोटा होतो, हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. समोरचा खोटें बोलला तर आपली सूट जाते, आपला वेळ जातो, आणि कधीं कधीं गर्दीच्या शिव्याहि खाव्या लागतात. परंतु विमा नुकसानाचें ओझें अनेकांच्या खांद्यांवर वांटून देतो. दोषाचें ओझें वांटण्याची सोय त्यांत नाहीं, व ती असूंहि नये. ज्या समाजांत फुटक्या दिव्यापुरतें खरें बोलणें लोकांस परवडत नाहीं, तेथें मोठ्या अपघातांत, जेव्हां एखाद्या घराचा कर्ता पुरुष गेलेला असतो आणि साक्षीदार शोधावे लागतात, तेव्हां खरें बोलण्यास पुढें येणारे लोक कोठून मिळावे?