स्वेच्छेचे कष्ट

पोटासाठीं किंवा परमार्थासाठीं देह झिजविणाऱ्याला आपण मान देतों. या दोहोंपैकीं एकही हेतु नसतां जो कष्ट पत्करतो त्याला हौशी म्हणतों, आणि त्या शब्दांत थोडी तुच्छता असते. या तुच्छतेला कितपत आधार आहे?

पेनाइन पर्वताला इंग्लंडचा कणा म्हणतात. त्याच्या माथ्यामाथ्यानें ईडेलपासून स्कॉटलंडच्या हद्दींतील कर्क येथॉमपर्यंत २६८ मैलांची पायवाट आहे, आणि २०१२ पासून ऐन जानेवारींत त्या वाटेनें धांवण्याची शर्यत होते. रात्र सोळा तासांची. पायांखालीं दलदल, नाहीं तर बर्फ धरलेल्या फरशा. आणि २९३० फूट उंचीच्या क्रॉस फेलवरून सुटणारा वारा असा कीं, त्याला हेल्म हें स्वतंत्र नांवच पडलें आहे.

२०१९ सालीं जस्मिन पॅरिस ही पशुवैद्य बाई ८३ तास १२ मिनिटांत सर्व पुरुषांच्या पुढें पोंचली. पूर्वीचा विक्रम तिनें बारा तासांनीं मोडला. घरीं चौदा महिन्यांची मुलगी. म्हणून वाटेंतील विसाव्यांवर ती दूध काढी. हें वाचून मी म्हणालों, "अंगावरचें मूल टाकून हा कसला अट्टाहास!" माझी मुलगी जवळच होती. तीहि तीन वर्षांच्या मुलाची आई, आणि हिवाळ्यांत हिमालयांत जाण्याचे तिचे बेत चाललेले. ती म्हणाली, "बाबा, मागें राहिलेल्या पुरुषांपैकीं कितीजणांना लहान मुलें होतीं, तें पाहिलेंत का?" मीं पाहिलें नव्हतें. तर्कशास्त्र शिकविण्यांत तीस वर्षें घालविलेल्या माणसाला हा हेत्वाभास घरच्यांनीं दाखवावा! असो.

गीतेच्या सतराव्या अध्यायांत मूढ आग्रहानें स्वतःला पीडा देऊन केलेल्या तपाला तामस म्हटलें आहे. ठपका पीडेपेक्षां मूढपणावर अधिक आहे, असें मला वाटतें. अंग गारठत गेलें कीं विवेकहि मंदावतो. तशा स्थितींत मुलीच्या दुधाची आठवण ठेवणारी बाई मूढ कशी म्हणावी? त्याच शर्यतींत दुसऱ्या क्रमांकावरच्या धांवपटूनें, शेवट अवघ्या कांहीं मैलांवर असतां, मदतीसाठीं हांक दिली आणि शर्यत सोडली. त्या हांकेचा विचार माझ्या मनांतून जात नाहीं.

"मग जानेवारींत आठ दिवस नातवाला सांभाळाल ना?" मुलीनें विचारलें. मीं म्हटलें, "सांभाळीन; पण परत केव्हां फिरावें, हें तुला तेथें कळेल ना?" जांवयाला मीं हाच प्रश्न विचारला असता का, हें मात्र मला अजून सांगतां येत नाहीं.