तमा, हौस आणि मगरुरी

माणसाच्या मनात काय चालते ते त्याच्या कृतीवरून कळते असे म्हणतात. मला वाटते, ते त्याच्या शब्दांवरून आधी कळते. मोताळा तालुक्यातल्या धामणगाव बढे येथे आपल्या घरांत उर्दू चालते, वेशीबाहेर मराठी. (रेल्वेचे धामणगाव वेगळे, ते अमरावती जिल्ह्यात. आमच्याकडे रेल्वे नाही.) एकच माणूस दिवसातून दहादा एका भाषेतून दुसरीत जातो, आणि शब्दही त्याच्याबरोबर जातात. मात्र उंबरठा ओलांडताना ते अर्थ बदलतात.

'तमा' घ्या. उर्दूत तमा म्हणजे लालसा. मराठीत तमा म्हणजे पर्वा. घरातले वडीलधारे सांगतात, "बेटा, तमा मत कर." शाळेतले गुरुजी सांगतात, "संकटांची तमा बाळगू नकोस." पोराने तमा सोडायची हे दोघांनाही मान्य, पण एकाचा उपदेश पाय मागे घ्यायला लावतो, दुसऱ्याचा पुढे टाकायला.

'हवस' आणि 'हौस' ही तर एकाच अरबी शब्दाची लेकरे. उर्दूत हवस म्हटले की माणूस मान खाली घालतो. मराठीत हौस म्हटले की चेहरा खुलतो. हौसेला मोल नाही, असे आपण कौतुकाने म्हणतो. मग इच्छा वाईट केव्हा होते? हौस चारचौघांना सोबत घेते आणि हवस एकटीच जेवते, असे उत्तर सुचते खरे. पण ते पुरे पडत नाही. लग्नातल्या हौसेपायी वावर गहाण पडते, जेवायला अख्खे गाव असते, आणि कर्ज फेडायला बाप एकटा उरतो. तेव्हा इच्छेत किती जण सामील आहेत हे पाहून भागत नाही; तिची किंमत कोण मोजतो ते पाहावे लागते.

छत्रपती शिवाजी महाराजांच्या काळात रघुनाथ पंडितांनी राज्यव्यवहारकोश रचून दरबारी फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. तरी खरीप, रब्बी, हंगाम, तहसील हे शब्द शेतकऱ्याच्या तोंडून गेले नाहीत. शब्द टिकतात ते कामाला येतात म्हणून. 'मगरूर' हाही असाच टिकला. आपण त्याचा अर्थ गर्विष्ठ असा करतो. मूळ अरबीत मगरूर म्हणजे फसवला गेलेला. कुरआनात सैतानाला 'गरूर' म्हणजे फसवणारा म्हटले आहे, तो याच धातूचा शब्द. म्हणजे छाती काढून चालणारा मगरूर माणूस मुळात ठकवलेला माणूस आहे. त्याचा राग येण्याऐवजी कीव यावी, पण येत नाही. तो आपल्याच कमाईचा सरपंच असतो ना!

'गरीब' शब्दाचा प्रवास मला सर्वांत हृद्य वाटतो. अरबीत त्याचा अर्थ परका. उर्दूत तो निर्धन झाला. मराठीत निर्धनही झाला आणि स्वभावाने मवाळही; गाय गरीब असते, सूनही गरीब हवी असते. गरिबाने मवाळच असावे, ही अपेक्षा त्या शब्दात कधी मुरली ते कळलेही नाही.

आपल्या मोहल्ल्यांत सब्र आणि कनाअत यांवर पुष्कळ बोलले जाते. समाधान हा मोठाच गुण, त्याबद्दल वाद नाही. पण तो कोणाला शिकवला जातो? तिसरा प्लॉट घेणाऱ्याला आपण हिंमतवाला म्हणतो. हिंमत म्हणजे मूळ अर्थाने उंच जाण्याचा निश्चय, शब्द चुकलेला नाही. मात्र दहावी झालेली मुलगी पुढे शिकायचे म्हणते, तेव्हा तिला हिंमतवाली कोणी म्हणत नाही. तिला सांगतात, इतनी भी तमा अच्छी नहीं. सहीह बुखारीची पहिलीच हदीस नियतीविषयी आहे, म्हणजे हेतूविषयी. ती आपल्याला पाठ असते. पण त्या मुलीला तिची नियत काय, असे कोणी विचारत नाही.

ती गुरुजींची तमा घेऊन आलेली असते, आणि आपण तिला घरातल्या तमेवरून रागे भरतो. अहिल्याबाई होळकर योजनेत गावाकडच्या मुलींना शाळेसाठी एसटीचा पास बारावीपर्यंत मोफत मिळतो. त्यामुळे भाड्याचे कारण पुढे करता येत नाही. मग 'जमाना खराब है' हे निघते, आणि फॉर्मची तारीख टळेपर्यंत तेवढे पुरते.