स्वभावाचे मोजमाप

व्यक्तिमत्त्व चाचणी म्हणजे माणसाच्या स्वभावातील टिकाऊ कलांचे ठरावीक पद्धतीने केलेले मोजमाप. एखादा माणूस एकदा चिडला म्हणून तो तापट ठरत नाही. निरनिराळ्या प्रसंगी, निरनिराळ्या माणसांसमोर आणि बराच काळ तो किती वेळा व किती लवकर चिडतो, यावरून त्याचा स्वभाव कळतो. चाचणी हीच गोष्ट अनेक बाजूंनी विचारते आणि आलेल्या उत्तरांची तुलना त्याच समाजातील इतरांच्या उत्तरांशी करते. म्हणून चांगल्या चाचणीचा निकाल ‘तापट’ किंवा ‘शांत’ असा शिक्का मारत नाही. शंभर जणांत ही व्यक्ती साधारण कोणत्या जागी बसते, एवढेच सांगतो. एवढी माहितीही स्वतःला ओळखायला आणि नाती सांभाळायला उपयोगी पडते. मात्र एकट्याने वाचून कपाटात ठेवलेल्या निकालापेक्षा जवळच्या माणसाच्या मताशेजारी ठेवून वाचलेल्या निकालाचा उपयोग कितीतरी अधिक होतो.

स्वभावाची वर्गवारी करण्याची हौस मराठी समाजाला नवी नाही. समर्थ रामदासांच्या दासबोधात दुसऱ्या दशकाच्या आरंभीच मूर्खाची लक्षणे येतात, त्यांच्यामागून उत्तम लक्षणे, आणि दशकाच्या शेवटी शिकूनही शहाणा न झालेल्या पढतमूर्खाची. वाचणाऱ्याने ही यादी स्वतःला लावून पाहावी आणि दोष टाकावेत, हा तिचा हेतू. लग्नाच्या बाजारात दुसरी पद्धत रूढ झाली. पत्रिकेतील गुणमेलनात एकूण 36 गुण धरतात आणि निम्मे, म्हणजे 18, जुळले तर स्थळ पुढे जाते. त्यांपैकी गणाचे सहा आणि ग्रहमैत्रीचे पाच गुण दोघांच्या स्वभावांच्या मेळासाठीच मानलेले आहेत. या दोन पद्धतींत मोठा फरक आहे. दासबोध माणसाच्या वागण्याकडे पाहतो, तर पत्रिका त्याच्या जन्मवेळेकडे. आधुनिक चाचणी पहिल्या वाटेने जाते. मात्र उपदेश करण्याऐवजी ती मोजते.

या मोजमापाची सुरुवात युद्धकाळात झाली. 1917 मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट वुडवर्थ यांनी सैन्यात भरती होणाऱ्यांपैकी मानसिक ताणाखाली कोण कोसळेल याचा अंदाज घेण्यासाठी हो-नाही उत्तरांची प्रश्नावली तयार केली. स्वभावाच्या शास्त्राला पुढची चालना मात्र शब्दकोशातून मिळाली. माणसांना एकमेकांत जे फरक महत्त्वाचे वाटतात, त्यांना भाषेत शब्द मिळतातच, या विचाराने गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ओडबर्ट यांनी 1936 मध्ये इंग्रजी कोशातून माणसाचे वर्णन करणारे सुमारे 18 हजार शब्द वेचले. त्यांचे गट पाडण्याचे काम नंतरची कित्येक दशके चालले आणि त्यातून पाच मोठे घटक पुढे आले: नव्या अनुभवांविषयी खुलेपणा, शिस्तशीरपणा, बहिर्मुखता, सौहार्द आणि भावनिक अस्थिरता.

हे पाच घटक समजायला प्रयोगशाळेत जावे लागत नाही; मेहरूणसारखी वस्तीही पुरते. मेहरूण हे एके काळचे स्वतंत्र गाव. तलावासाठी आणि बोरांसाठी ओळखले जाणारे. आज ते जळगाव महापालिकेच्या हद्दीत आहे. जुनी एकत्र कुटुंबे, नव्या कॉलन्या, शेती आणि नोकरी हे सारे तिथे हाकेच्या अंतरावर नांदते. अशा वस्तीतल्या कोणत्याही घरात महिन्याचा हिशेब पैशापैशाने लिहिणारा एक जण असतो आणि खिशातली पावती धुण्यात घालवणारा दुसरा. हा शिस्तशीरपणातला फरक. केळीचा बाग मोडून नवे पीक घ्यायला एक भाऊ उतावीळ असतो, तर दुसऱ्याला वडिलांच्या वाटेबाहेर जायचे नसते. हा खुलेपणातला फरक. लेकाचा फोन लागला नाही की एकीच्या जिवाची घालमेल होते, दुसरी म्हणते, ‘रेंज नसेल’. हा भावनिक अस्थिरतेतला. घरोघरच्या भांडणांपैकी बरीच भांडणे अशा फरकांतून उठतात, पण ती लढली जातात ती ‘तुला किंमतच नाही’ किंवा ‘तू मुद्दाम करतोस’ अशा आरोपांवर. फरकाला नाव मिळाले की हेतूवरचा संशय थोडा ढिला पडतो. चाचणीचा पहिला लाभ हाच.

पण प्रत्येक चाचणी या योग्यतेची नसते. चाचणी विश्वसनीय हवी, म्हणजे आजचे उत्तर आणि महिन्याभरानंतरचे उत्तर यांत फार अंतर पडता कामा नये. ती सप्रमाण हवी, म्हणजे जे मोजते असे सांगते तेच तिने मोजायला हवे आणि प्रत्यक्ष वागणुकीशी त्याचा संबंध दिसायला हवा. कंपन्यांच्या प्रशिक्षण शिबिरांत सर्वाधिक चालणारी मायर्स-ब्रिग्ज प्रश्नावली या कसोट्यांवर कमी पडते. कार्ल युंग यांच्या 1921 च्या सिद्धांतावर कॅथरीन ब्रिग्ज आणि त्यांची कन्या इझाबेल मायर्स यांनी ती उभारली. ती माणसांची सोळा प्रकारांत वाटणी करते. बहुतेक माणसे मात्र कोणत्याही गुणाच्या मध्याजवळ असतात. मधोमध रेघ ओढून इकडचे अंतर्मुख आणि तिकडचे बहिर्मुख ठरवले की एखाद-दुसऱ्या उत्तराने माणसाचा प्रकारच बदलतो. म्हणून काही आठवड्यांनी तीच प्रश्नावली भरणाऱ्यांपैकी अनेकांना वेगळा प्रकार मिळतो. गप्पांना विषय म्हणून ती ठीक आहे. त्यावरून निर्णय घेणे धोक्याचे.

दुसरा धोका वाचणाऱ्याच्या मनात असतो. 1948 मध्ये बर्ट्रम फोरर या प्राध्यापकाने आपल्या 39 विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याचे म्हणून स्वभाववर्णन दिले. ते किती अचूक आहे याला विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी 4.26 गुण दिले. प्रत्यक्षात सर्वांना एकच मजकूर मिळाला होता, आणि त्यातली वाक्ये ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेली होती. ‘तुम्ही वरून खंबीर दिसता, पण आतून हळवे आहात’ असे वाक्य कोणालाही आपलेच वाटते. तेव्हा निकाल पटला म्हणून चाचणी खरी ठरत नाही. जे वर्णन शेजाऱ्याला लागू पडत नाही आणि स्वतःला थोडे खुपते, त्यातच माहिती असण्याची शक्यता अधिक.

बहुतेक चाचण्या माणसाने स्वतःविषयी दिलेल्या उत्तरांवर चालतात, आणि स्वतःविषयीचे ज्ञान सगळीकडे सारखे नसते. सिमीन वझीर यांनी 2010 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एकाच व्यक्तीविषयी तिचे स्वतःचे, मित्रांचे आणि अनोळखी माणसांचे मत तपासून पाहिले. चिंता, अस्वस्थता यांसारख्या आत घडणाऱ्या गोष्टींत व्यक्तीचे स्वतःचे मत सर्वांत बरोबर ठरले. बडबडेपणा सर्वांनाच सारखा ओळखता आला. बुद्धी आणि सर्जनशीलता यांसारख्या, ज्यांच्याशी अभिमान जोडलेला असतो त्या गुणांत मात्र मित्रांचा अंदाज अधिक खरा निघाला. याचा व्यावहारिक अर्थ असा की, मनात काय चालले आहे ते त्या माणसालाच विचारावे. तो इतरांना कसा वाटतो ते इतरांना विचारावे. एकच प्रश्नावली आपण स्वतःविषयी एकदा आणि जवळच्या माणसाने आपल्याविषयी एकदा भरली, तर जिथे दोन उत्तरे जुळत नाहीत तिथेच बोलण्यासारखे खूप काही सापडते.

सैन्याच्या अधिकारी निवडीत या तत्त्वाचा उपयोग पूर्वीपासून होतो. सेवा निवड मंडळाच्या (एसएसबी) पाच दिवसांच्या निवडप्रक्रियेत मानसशास्त्रीय चाचण्यांचा एक दिवस असतो. चित्रे पाहून गोष्टी लिहाव्या लागतात, शब्द दिसताच वाक्ये लिहावी लागतात, अडचणीच्या प्रसंगी काय कराल ते सांगावे लागते. शेवटी पंधरा मिनिटांत स्वतःचे वर्णन करायचे असते: आईवडिलांना मी कसा वाटतो, शिक्षकांना कसा वाटतो, मित्रांना कसा वाटतो, मला स्वतःला कसा वाटतो आणि पुढे कसे व्हायचे आहे. राज्यातील तरुणांना या मुलाखतीची तयारी करून देणारे शासनाचे छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र नाशिक रोडला आहे. निवड होवो न होवो, हे पाच परिच्छेद प्रामाणिकपणे लिहायचे तर मुलाला घरी आईवडिलांना विचारावेच लागते. खानदेशातल्या अनेक घरांत मुलगा वडिलांना ‘मी कसा आहे?’ असे सहसा विचारत नाही; हा कागद त्याला तसे विचारायचे निमित्त देतो.

पालक आणि मुले यांच्यात असेच निमित्त कल चाचणीने दिले. राज्य मंडळाने 2016 पासून दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी श्यामची आई फाउंडेशनच्या मदतीने ती घेतली. कृषी, कला, वाणिज्य, ललित कला, आरोग्य विज्ञान, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा अशा सात क्षेत्रांतला कल त्यातून कळत असे. ही आवडीची चाचणी, स्वभावाची नव्हे. पण दोन्हींचा उपयोग एकाच पद्धतीने होतो. सायन्सला जाण्याचा वडिलांचा आग्रह आणि चित्रकलेची मुलीची ओढ यांच्या मध्ये एक तिसरा कागद येतो. त्यामुळे वाद ‘ऐकते की नाही’ यावरून ‘कागद काय म्हणतो आणि तो किती खरा’ इथवर सरकतो. या दुसऱ्या प्रश्नावर निदान चर्चा होऊ शकते.

लग्नाच्या बाबतीत संशोधन अधिक स्पष्ट बोलते. लोवेल केली आणि जेम्स कॉन्ली यांनी 1987 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 300 जोडपी होती. 1930 च्या दशकात त्यांचे लग्न ठरले तेव्हा त्यांच्या परिचितांनी त्यांच्या स्वभावाविषयी मते नोंदवली होती. पुढे 1980 पर्यंत या जोडप्यांचा मागोवा घेतला गेला. नवरा किंवा बायको यांपैकी कोणाचीही भावनिक अस्थिरता जास्त असणे आणि नवऱ्याचा स्वतःच्या उबळींवर ताबा नसणे, या गोष्टी संसार बिघडण्याशी सर्वाधिक निगडित आढळल्या. दोघांचे स्वभाव किती सारखे, यापेक्षा प्रत्येकाचा स्वभाव कसा, याचे वजन अधिक असते, असेच नंतरच्या अनेक अभ्यासांतही दिसले. जळगावसारख्या शहरांत समाजासमाजाचे वधू-वर परिचय मेळावे भरतात, सूची छापल्या जातात. त्यांत शिक्षण, उंची, पगार, शेती, रास यांच्या नोंदी असतात. स्वभावाचा रकाना असला तर त्यात ‘मनमिळाऊ’ एवढाच शब्द. राग आल्यावर काय होते, उसने पैसे द्यायचे की नाही, संध्याकाळी माणसे हवीत की शांतता, सणाला कोणाकडे जायचे, हे प्रश्न पहिल्या दोन भेटींत निघत नाहीत. साखरपुड्याआधी दोघांनी वेगवेगळी भरून मग एकत्र वाचलेली प्रश्नावली हे विषय काढून देते. तिच्या गुणांवरून स्थळ नाकारणे म्हणजे 36 गुणांचीच नवी आवृत्ती काढणे होईल.

चाचणीची भाषा आणि नमुना कुठला, हेही पाहायला हवे. परदेशी प्रश्नावलीत ‘मला पार्ट्यांना जायला आवडते’ असे वाक्य बहिर्मुखता मोजते. जळगाव जिल्ह्यात हिवाळ्यात शेतात रंगणाऱ्या भरीत पार्टीला मित्र, भाऊबंद, कार्यालयातली मंडळी सगळेच जातात. न जाणे हाच चर्चेचा विषय होतो. तिथे जाण्यावरून काही कळत नाही; गेल्यावर माणूस वांगी भाजायला एका बाजूला बसतो की गाणे म्हणायला पुढे होतो, यावरून कळते. म्हणून प्रश्न इथल्या जगण्यातून घ्यावे लागतात आणि तुलनाही इथल्याच माणसांशी करावी लागते. अमेरिकी विद्यार्थ्यांच्या सरासरीशी मेहरूणच्या सुनेचे उत्तर ताडून पाहिले, तर मोठ्यांसमोर कमी बोलण्याची रीत तिचा स्वभाव म्हणून नोंदली जाईल.

माती परीक्षणाचा अहवाल सामू, नत्र, स्फुरद, पालाश सांगतो. कपाशी लावायची की केळी, हे पाणी, भाव आणि घरातली माणसे पाहून शेतकरीच ठरवतो. स्वभावाच्या अहवालाचीही मर्यादा तीच. तो आजाराचे निदान करत नाही. सततची उदासी किंवा झोप उडणे यांसाठी मानसोपचारतज्ज्ञच गाठावा लागतो. नोकरीसाठी भरलेल्या प्रश्नावलीत माणूस स्वतःला शिस्तशीर दाखवतोच, म्हणून तिथला निकाल जपून वाचावा. सर्वांत वाईट उपयोग म्हणजे निकालाची ढाल करणे: ‘मी असाच आहे, चाचणीतही आले आहे.’

स्वभावाला औषध नाही, अशी म्हण आहे. संशोधन तिला अर्धाच दुजोरा देते. स्वभावातल्या फरकांचा बराच भाग आनुवंशिक असतो आणि तिशीनंतर स्वभाव बराच स्थिरावतो, हे खरे. पण ब्रेंट रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये 207 अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा उपचार आणि समुपदेशनाने काही महिन्यांत स्वभावात मोजता येईल इतका बदल झालेला दिसला. सर्वाधिक बदल भावनिक अस्थिरतेत होता. संसाराला सर्वांत जास्त नडणारा घटकही तोच. म्हणजे जिथे बदलाची गरज सर्वाधिक, तिथेच बदल शक्यही आहे. चाचणी स्वतः तो बदल घडवत नाही. कोणत्या बाबतीत प्रयत्न करायचे आणि कोणत्या बाबतीत समोरच्याला तसेच स्वीकारायचे, हे वेगळे करायला ती मदत करते, आणि ते वेगळे करण्याचे काम दोघांनी मिळून केले तरच ते टिकते.