नकाराची मुभा

भाद्रपद शुद्ध चतुर्थीच्या सुमारास भाईंदर पूर्वेच्या जेसल पार्कात दानाच्या दोन रीती शेजारी शेजारी चालू असतात. मूर्तिपूजक श्वेतांबर जैनांची संवत्सरी याच दिवसांत येते. संवत्सरीला संपणाऱ्या पर्युषणात महावीर जन्मवाचनाला चौदा स्वप्नांचे चढावे बोलले जातात. जुन्या रिवाजात तर ही बोली तुपाच्या मणांत लागायची. तिकडे गणेश मंडळांची पोरं पावतीपुस्तकं घेऊन दुकानं पालथी घालत असतात. निधी गोळा करणाऱ्यांसाठी साऱ्या जगाला मान्य होईल अशी एक नीती असू शकते का, हे या दोन रीतींवर घासून बघण्यासारखं आहे.

कागदावर अशी नीती आहेच. २००६ मध्ये नेदरलँड्समध्ये अनेक देशांच्या निधिसंकलक संघटनांनी एक निवेदन मान्य केलं आणि २०१८ मध्ये ते सुधारलं. ज्या कामासाठी पैसा मागितला त्याच कामाला तो लागावा, हा त्याचा गाभा. इथे आपण कुणाकडून शिकावं असं फारसं नाही. देवद्रव्य मूर्ती आणि मंदिर यांपलीकडे वळवायचं नाही, जीवदयेचं खातं वेगळं, साधारण खातं वेगळं, ही जैनांची शिस्त कुठल्याही परिषदेहून जुनी आणि कडक आहे. १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याला आव्हान मिळालं तेव्हा, १९५४ मध्ये, सर्वोच्च न्यायालयानेही मूळ हेतू पार पाडता येत असताना धार्मिक निधी दुसरीकडे वळवण्याचा अधिकार मान्य केला नाही.

आपली बाजू लंगडी पडते ती मागण्यापाशी. गीतेच्या सतराव्या अध्यायात कष्टी मनाने दिलेलं दान राजस ठरतं. तिथे पारख होते ती देणाऱ्याच्या मनाची. ते मन कष्टी कुणी केलं, हे कोणी विचारत नाही. मंडळाचे पाचजण दुकानात शिरतात, आकडा आधीच घातलेली पावती गल्ल्यावर ठेवतात. दुकानदार देतो, कारण वर्षभर याच गल्लीत धंदा करायचा असतो. पुढे त्या पैशाचा हिशेब पै-पैचा चोख लागला, तरी नकाराची मुभा नसलेल्या त्या देण्याला दान म्हणवत नाही. १९५० च्या त्याच कायद्याच्या कलम ४१क खाली मंडळं धर्मादाय आयुक्तांकडून वर्गणीची परवानगी काढतात, पण ती परवानगी दुकानाच्या पायरीवर काय चालतं ते पाहायला येत नाही.

यावर कोणी म्हणेल, नकाराचा हक्क हे पाश्चात्त्य व्यक्तिवादाचं खूळ. आपल्याकडे समाजाचा आग्रह हाच समाजाचा धागा. पण तिकडेही हा हक्क आयता आलेला नाही. देणगीदार वृद्धांना मदतीच्या पत्रांनी भंडावून सोडल्याचा गवगवा २०१५ मध्ये ब्रिटनमध्ये झाला, तेव्हा कुठे पुढच्या वर्षी तिथे नवा नियामक आला. शिवाय आग्रह आणि धाक यांतला फरक आपल्याला कळतो. चढाव्यातही ईर्षा असते, नाव पुकारलं जाण्याची हौस असते, आणि गुप्तदान थोर मानणाऱ्याला ते खटकेलही. तरी न बोलणाऱ्याकडे कोणी पावती फाडायला जात नाही. चारचौघांत द्यावं की गुपचूप, हे ज्या त्या परंपरेने ठरवावं. सामायिक नियमाने त्यात पडू नये.

नियम वाढले की लहान मंडळं चिरडतील, ही भीती मात्र खरी आहे. लेखापरीक्षण आणि अहवाल सगळ्यांना झेपणारे नाहीत. पण पावतीवरचा आकडा देणाऱ्याने सांगावा आणि ‘नाही’ म्हटलेल्या दुकानाची पायरी त्या वर्षी पुन्हा चढू नये, एवढ्याला ना लेखापाल लागतो ना वकील.