भेकडांची प्रार्थना

५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधल्या नागासाकीच्या टेकडीवर सव्वीस ख्रिस्ती जणांना क्रुसावर मारण्यात आले. त्यांत आपल्या वसईचे गोन्सालो गार्सिया होते. १८६२ साली ते सव्वीसही जण संत म्हणून घोषित झाले. आपण त्यांचा सण थाटाने साजरा करतो. पण त्याच नागासाकीत श्रद्धा टिकवली ती मात्र क्रुसावर न गेलेल्या माणसांनी.

१६१४ मध्ये जपानभर ख्रिस्ती धर्मावर बंदी आली. धर्मगुरू हद्दपार झाले, मारले गेले. नागासाकीच्या परिसरात दरवर्षी लोकांना येशूच्या किंवा मरियामातेच्या प्रतिमेवर पाय ठेवायला लावत. जो कचरेल तो ख्रिस्ती, हे उघड होई. अनेकांनी जिवाच्या भीतीने पाय ठेवला, आणि घरी परतून पश्चात्तापाची प्रार्थना म्हटली. ना चर्च, ना मिस्सा, ना फादर. बाळांचा बाप्तिस्मा गावातलीच माणसे करत. थोरांनी धाकट्यांकडून प्रार्थना पाठ करून घेतल्या. त्यांतल्या लॅटिन शब्दांचे उच्चार पिढ्यांगणिक बदलत गेले. १७ मार्च १८६५ रोजी, त्याच सव्वीस हुतात्म्यांच्या नावाने नागासाकीत नुकत्याच बांधलेल्या चर्चमध्ये उराकामी गावचे काही लोक आले. तिथल्या फादर पेतिजाँ यांना त्यांनी हलकेच आपली श्रद्धा सांगितली आणि विचारले, मरियामातेची मूर्ती कुठे आहे?

आपल्याकडे कोणी प्रतिमेवर पाय ठेवायला लावत नाही. आपल्या अडचणी साध्या आहेत. विरार लोकलमधून दमूनभागून आलेले आईबाप, मुलांचा क्लास, टीव्हीवरची मालिका. त्याहून मोठी अडचण मनातली असते. नुकतेच नवराबायकोचे वाजलेले असते, मुलावर उगाच हात उगारलेला असतो. अशा तोंडाने रोझरी कशी म्हणायची? आधी घरात शांती येऊ दे, मग प्रार्थना करू, असे वाटते आणि जपमाळ खिळ्यालाच राहते.

उराकामीच्या घरांनी असे ठरवले असते, तर तिथली श्रद्धा पहिल्याच पिढीत संपली असती. त्यांची प्रार्थना सुरूच व्हायची ती हरल्याच्या कबुलीपासून.

मुलांना आईबापांचे दोष आपण दाखवण्याआधीच दिसलेले असतात. त्या दोषांचे काय करायचे, हे मात्र त्यांना कोणी शिकवलेले नसते. ज्या संध्याकाळी बाप सगळ्यांदेखत आईला ‘चुकलो’ म्हणतो आणि मग क्रुसाची खूण करतो, त्या संध्याकाळी मुलांना धर्मशिक्षणाच्या पुस्तकात नसलेला धडा मिळतो. पाच रहस्ये होत नसतील, तर एकच म्हणा. पण भांडण झालेल्या दिवशी ते चुकवू नका.

प्रभो, आमचे घर नीटनेटके होण्याची वाट न पाहता आज आहे तसेच ते तुझ्यासमोर आणण्याचे धैर्य आम्हा आईबापांना दे. आमेन.