न जळलेलं थोडंसं

जुनी येझदी मोटरसायकल दुरुस्तीला घेतली की पहिला वाद रंगावरून होतो. मग नट-बोल्टवरून. पुण्याच्या जुन्या बाजारात एका मूळ पार्टसाठी शौकीन सकाळ घालवतो. त्याला सगळं अस्सल हवं असतं. गाडीचं अस्सलपण खरं तर रंगाच्या आत, इंजिनात असतं. आणि तिथे ते दोषाच्या रूपात असतं.

येझदीच्या टू-स्ट्रोक इंजिनात व्हॉल्व्ह नसतात. सिलिंडरच्या भिंतीतले पोर्ट पिस्टनच वरखाली होताना उघडतो, मिटतो. क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट. फोर-स्ट्रोकला त्यासाठी दोन फेरे लागतात. म्हणून भाग थोडे, वजन कमी, ओढ दांडगी. पण जळलेला वायू बाहेर लोटायचं काम ताज्या मिश्रणावरच असतं. लोटता लोटता त्यातलंही थोडं न जळता निसटतं. पेट्रोलमध्ये मिसळलेलं ऑइल वंगण होतं आणि धूरही होतं. ज्या वासाने आपल्याला कॉलेजचे दिवस आठवतात, तो या उधळपट्टीचा वास असतो.

येझदी बनवणारा म्हैसूरच्या आयडियल जावाचा कारखाना 1996 साली बंद पडला. पुढे प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि टू-स्ट्रोक मोटरसायकली शोरूममधून गेल्या. 2018 मध्ये जावा हे नाव परतलं: टाकीचा तोच घाट, तेच दोन सायलेन्सर, आत मात्र फोर-स्ट्रोक इंजिन. दोष गेला, त्याबरोबर तो फटफटाटही गेला. हे योग्यच झालं. शहरभर पुन्हा तो धूर पसरावा, असं मलाही वाटत नाही.

मग एखादी जुनी गाडी जिवंत ठेवायची कशाला? आठवणींना आपण परस्पर क्रोम चढवतो. गाडी ते करू देत नाही. प्लग काळा पडतो, सायलेन्सर कार्बनने तुंबतो, तो खरवडताना हात माखतात. जे आवडतं त्याची किंमत काय होती, हे हातांना कळतं.

परवा सिग्नलला शेजारच्या स्कूटरवरच्या आजोबांनी माझ्या येझदीचा वास येताच हसून मान वळवली. मागे बसलेल्या नातीने नाकाला ओढणी लावली. मी इंजिन बंद केलं. दिवा हिरवा झाल्यावर गिअरचाच दांडा वर वळवून किक मारावी लागली. मागच्यांनी हॉर्न वाजवले.