चार चिठ्ठ्या, एक देह

मार्काच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातली रक्तस्रावाने पीडलेली स्त्री आपल्या रविवारच्या शाळेतील मुलांनाही ठाऊक आहे. आपण शिकवतो ते तिच्या विश्वासाविषयी. पण त्या कथेतली एक गोष्ट आपण घाईने ओलांडतो. ती वैद्यांमागून वैद्य करत राहिली, त्यात होता तो पैसा गेला, आणि दुखणे मात्र बळावले, असे मार्क आडपडदा न ठेवता सांगतो. लूकही हीच हकीगत देतो, पण दुखणे बळावल्याचे तो बोलत नाही. तो स्वतः वैद्य. व्यवसायबंधूंची थोडी लाज राखली असेल, असे म्हणून आपण हसावे. मार्कानेही त्या वैद्यांना लबाड किंवा अडाणी म्हटलेले नाही. ते अनेक होते, इतकेच. आमचा प्रश्न तेथूनच निघतो. प्रत्येकाने आपापले काम नीट केले आणि तरी माणसाचे वाईट झाले, तर उत्तर कोणी द्यायचे?

जोयडा तालुक्यात हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. सुप्याच्या धरणाने जुने सुपा गाव काळी नदीच्या पाण्याखाली गेले. बाकीची वस्ती रानात विखुरलेली. मोठ्या दुखण्याला माणूस बाहेर जातो. कोणी दांडेलीला, कोणी घाट उतरून कारवारला, रामनगरकडचे लोक लोंडा-खानापूरवरून बेळगावला, नाहीतर अनमोड घाटाने गोव्यात बांबोळीच्या इस्पितळात. आता अशा घरातील एक वृद्ध माता डोळ्यांपुढे आणा. रक्तदाबाची गोळी बेळगावची, गुडघ्यांची दांडेलीची, डोळ्यांचे थेंब कोठल्याशा शिबिरातले, आणि तापखोकल्याला जवळच्या दुकानातून मागून आणलेले काहीतरी. एक चिठ्ठी सुनेच्या कपाटात, दुसरी पिशवीत, तिसरी हरवलेली. पाकिटावर इंग्रजी, दुकानदाराने त्यावर खरडलेले कानडी, आणि आजीला वाचता येते ते मराठी.

गुडघ्यांची गोळी बहुधा डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन या जातीची असते. ती रोज घेतली की अंगात मीठ-पाणी साचू लागते, पायांवर सूज दिसते, रक्तदाब चढतो. बेळगावच्या डॉक्टरांना गुडघ्यांच्या गोळीची वार्ता नाही. त्यांना दिसतो तो चढलेला दाब. ते एनालाप्रिलसारखी गोळी वाढवतात आणि सुजेसाठी लघवीची गोळी जोडतात. त्यांचे काही चुकले नाही, दांडेलीच्या डॉक्टरांचेही नाही. पण या तीन गोळ्या एकत्र आल्या की मूत्रपिंड एकाएकी काम टाकू शकते. उतारवयात त्याची शक्ती मुळातच घटलेली असते, म्हणून तरुणाला जे सोसते ते म्हाताऱ्याला सोसत नाही. एका औषधाचा त्रास नवा रोग समजून त्यावर दुसरे औषध, मग त्या दुसऱ्याच्या त्रासावर तिसरे! रोशन आणि गुरविट्झ या दोन डॉक्टरांनी १९९०च्या दशकात या साखळीकडे जगाचे लक्ष वेधले.

थेंबांना तर कोणी औषधात धरतच नाही. काचबिंदूसाठी देतात ते टिमोलॉलचे थेंब डोळ्यातून रक्तात उतरतात, नाडी मंद करतात आणि दमेकऱ्याचा श्वास कोंडू शकतात. छातीच्या डॉक्टरांनी विचारले, ‘दुसरे काही घेता का?’ तर आजी म्हणणार, ‘नाही हो साहेब.’ ती खोटे बोलत नसते.

यात नवी, महागडी औषधेच असतात असे नाही. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात ६६ वर्षे व त्यापुढील वयाच्या रुग्णांचा एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. मधुमेहासाठी ग्लायबेनक्लामाइड घेणारे जे वृद्ध साखर फार उतरून इस्पितळात आले, त्यांना आदल्या आठवड्यात को-ट्रायमोक्साझोल हे साधे जंतुनाशक दिले गेले असण्याची शक्यता इतरांच्या सहापटीहून अधिक आढळली. आपल्याकडे ही दोन्ही औषधे जुनी, स्वस्त आणि ओळखीची आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली औषधांपासून होणारी इजा कमी करण्याची मोहीम जाहीर केली, तेव्हा एकाच माणसाला पडणारी अनेक औषधे हा विषय तिने अग्रक्रमात घेतला.

आता दोषाकडे येऊ. कोणीच चुकले नाही, म्हणून कोणीच उत्तरदायी नाही, हा हिशेब आम्हांला पटत नाही. प्रत्येक डॉक्टरच्या वाट्याला गुडघा, डोळा किंवा हृदय येते. आजी कोणाच्याच वाट्याला येत नाही. शरीर एक आणि अवयव पुष्कळ, हे आपण मंडळीविषयी नेहमी बोलतो. अक्षरशः शरीराविषयी मात्र ते विसरतो.

आपल्या लोकांत एक संकोचही आहे. दुसऱ्या डॉक्टरकडे गेलो हे कळले तर पहिले रागावतील, म्हणून चिठ्ठी दडवायची. काही डॉक्टर रागावतात हेही खरे, आणि ते त्यांना शोभत नाही. पण डॉक्टरांचा मान राखण्याची किंमत आजीच्या मूत्रपिंडाने का द्यावी? झाडपाल्याचे औषधही असेच दडवले जाते, ‘साहेब हसतील’ म्हणून.

मग घरातल्या कोणी सारे लक्षात ठेवायचे ठरवले, तर त्याचा अधिकार कोठवर? हा भाग आम्हांला सर्वांत अवघड वाटतो. आईला न विचारता तिचा डबा उपसणे ही काळजी नव्हे, ती सत्ता झाली. तिच्याजवळ बसावे, एकेक पाकीट तिच्याच हातून काढवावे, हे कशासाठी ते तिलाच विचारावे. आणि वर लिहिलेले वाचून कोणी मुलगा आपल्या मनाने एखादी गोळी बंद करील, तर तो मोठाच अनर्थ. हृदयाच्या काही गोळ्या, फिट्सच्या गोळ्या, स्टेरॉइड एकदम सोडल्यास प्राणावर बेतू शकते. राखणदाराने सांगावे आणि विचारावे. काय सोडायचे ते डॉक्टरांनी ठरवावे.

ज्यांची मुले गोव्यात किंवा पुण्यात आहेत आणि घरी म्हातारी एकटीच आहे, तिचे काय? रविवारच्या शाळेतील शिक्षकांकडे आम्ही एक काम मागतो. भेटीला जाल तेव्हा, तिची संमती असेल तर, एका कागदावर मराठीत ठळक अक्षरांनी सारे उतरवून द्या: गोळीचे नाव, कशासाठी, कोणी दिली, केव्हापासून. थेंब, मलम, काढा, दुकानातून आणलेली डोकेदुखीची गोळीही. पाकिटावरचे नाव मराठी अक्षरांत जसेच्या तसे लिहा, मूळ औषधाचेही लिहा. एकच औषध दोन नावांनी दोनदा पोटात जात असेल तर ते तेथेच दिसेल. तो कागद आणि सारी पाकिटे एकाच पिशवीत राहू द्या. दांडेली असो की बांबोळी, पिशवी आजीबरोबर जाऊ द्या, आणि आत गेल्यावर ती प्रथम टेबलावर उपडी करायला सांगा.